धवलारणीचं वय

माझ्या आईला एका दारूच्या दुकानात वयाचा दाखला मागितला होता. आईच्या डोक्यावर तेव्हा एकही काळा केस नव्हता, पुढचे दात गेले होते आणि मिठागरात टोपल्या वाहून वाहून पाठीला बाक आला होता. ही गोष्ट मी सांगायला लागले की लोक आधी हसतात. हसण्यासारखीच आहे, मला कळतं. पण मला स्वतःला ती सांगताना अजून एकदाही हसू आलेलं नाही, आणि समोरचा हसला की मला त्याचाही राग येतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. सानपाड्याला स्टेशन होऊन फार काळ झालेला नव्हता. आमचं गाव त्याच बाजूला, खाडीकडे तोंड करून बसलेलं. गावाच्या तिन्ही अंगाला सेक्टर आणि सोसायट्या उभ्या राहत होत्या. ज्या जमिनीवर त्या उभ्या होत्या तिथे आम्ही लहानपणी भाताच्या पेंढ्यावर झोपलोय, हे तिथल्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. सेक्टरमध्ये दवाखाने आले, झेरॉक्सची दुकानं आली आणि कोपऱ्यावर एक वाइन शॉपही आलं. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आणि वर बोर्ड: पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकले जात नाही. बोर्ड सुंदर रंगवलेला होता. तो कुणी वाचताना मी पाहिलं नव्हतं.

आता आई त्या दुकानात कशाला गेली, तर माझ्या धाकट्या भावाची हळद होती म्हणून. आणि आई धवलारीण होती.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी आमच्यात मागाहून आले. त्याआधी लग्नं याच बायकांनी लावली, आणि भटजी आल्यावरही हळदीला आणि मांडवाला धवलारणीवाचून पान हलायचं नाही. गावदेवापासून खाडीपर्यंत, घरातल्या गेलेल्या आजोबा-पणजोबांपासून शेजारच्या गावातल्या मावशीपर्यंत सगळ्यांना ती गाण्यातून आवतण द्यायची. एक जरी विसरला तरी तो रुसून बसेल अशी आमची समजूत. हे सगळं आईला तोंडपाठ होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या चुलत सासूने ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं, चुकली की कान पिरगळून.

धवला सुरू होण्याआधी धवलारणीला मान द्यायचा असतो. नवं लुगडं, नारळ आणि दारूची बाटली. बाटलीतले पहिले थेंब जमिनीवर, गावदेवाला. मग खाडीला, मग घरातल्या गेलेल्यांना. मग धवलारीण स्वतः एक घोट घेते, पदराने ओठ पुसते आणि आवाज लावते. एवढंच. माझी आई एरवी वर्षभर दारूच्या थेंबाला शिवत नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला हळूच विचारतात, आई घ्यायची का हो? नाही घ्यायची. आणि घेत असती तरी मी हेच सगळं एवढ्याच रागाने सांगितलं असतं.

दुसऱ्याच्या घरी हा मान यजमान देतो. स्वतःच्या घरच्या लग्नात मात्र धवलारणीने बाटली स्वतःच्या हाताने आणायची, असा तिच्या चुलत सासूचा दंडक होता. आपल्याच घरात आपल्याला मान देणार कोण, म्हणून तो देवाचा समजून आपण आणायचा. माझ्या लग्नाच्या वेळी गावाच्या टोकाला एक बाई दारू गाळायची. आई तिच्याकडे डोक्यावर पदर घेऊन, अनवाणी गेली होती आणि बाटली छातीशी धरून घेऊन आली होती. पुढे पोलिसांनी ती भट्टी मोडली. भावाच्या लग्नापर्यंत दारू मिळायची ती सेक्टरमधल्या जाळीआडच.

हळदीच्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "चल ग माज्यासंगती. मना त्या दुकानात काय बोलायचा ता ठाव नाय." मी वाशीला एका ऑफिसात नोकरी करायचे, लग्न होऊन सासरी होते, भावाच्या लग्नासाठी रजा टाकून आले होते. मांडवात माणसांची गडबड चाललेली. आम्ही दोघी मागच्या वाटेने निघालो. आईने नवं लुगडं नेसलं होतं, तांबडं, गुडघ्यापर्यंत, आमच्या पद्धतीने. केसात अबोलीचा वळेसर माळला होता. पोराच्या लग्नाला नटलेली बाई ती, लपायचं तिला काय कारण?

दुकानात दोन-चार माणसं होती. दुकानदार चाळिशीचा, कपाळाला गंध, हातात कडं. आई खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "एक क्वार्टर दे. ब्रँडी दे, चांगली. देवाची हाय."

त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आजी, वयाचा पुरावा आहे का?"

"कसला?"

"वयाचा. पंचवीसच्या वर पाहिजे. वरून ऑर्डर आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा. तो हसला नाही. त्याने बोट वर करून तो रंगवलेला बोर्ड दाखवला.

मी म्हटलं, "अहो, मी छत्तीसची आहे आणि ही माझी आई आहे. आता तुम्हीच काय तो हिशोब करा."

"ताई, नियम म्हणजे नियम. चेकिंग चालू आहे. लायसन्स जाईल माझं."

"मग मला द्या."

"तुमचा पुरावा?"

माझ्या मागे कुणीतरी खिदळलं. एक जण म्हणाला, "आजी, अजून लहान आहात, दूध प्या." आणि तेवढ्यात, आम्ही खिडकीशी उभ्या असताना, एक पोरगेलासा तरुण बाजूने हात घालून हाफ घेऊन गेला. त्याला मिशी फुटून फार दिवस झाले नसावेत. पाठोपाठ ऑफिसची बॅग घेतलेला एक गृहस्थ आला, "साहेब, नेहमीची ना?" म्हणून त्याला कागदात गुंडाळून मिळाली. कुणाला पुरावा नाही, कुणाला बोर्ड नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हे आमचं लुगडं बघून चाललंय. गाववाल्या बाया, अडाणी, यांना पिटाळायला काहीही कारण चालतं. सेक्टरमध्ये आम्हाला अशी वागणूक नवी नव्हती. दवाखान्यात चप्पल बाहेर काढायला लावायचे ते फक्त आम्हाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा दंड धरला. "कार्ड हाय ना माजा, मतदानाचा. ता आनू."

तिला तो नियम खरा वाटला होता. सरकारने कागद मागितला तर कागद द्यायचा, एवढंच तिला माहीत. सगळी शेतं कागदावरच गेली होती, त्यामुळे कागदाशी वाद घालायचा नसतो असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आम्ही घरी आलो. मांडवातल्या बायकांनी विचारलं, कुठे गेलेलात? आई तडक आत गेली. पत्र्याच्या पेटीतून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं ते फोटोचं कार्ड काढलं. शाळेत सगळ्या गावाला रांगेत बसवून ते फोटो काढले होते. आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. तोवर ऊन उतरायला लागलं होतं आणि आईला घाई झाली होती. दिवे लागायच्या आत देवाचा मान घरात यायला हवा होता, म्हणून ती पुढे आणि मी मागे अशी आमची वरात चालली होती.

दुकानदाराने कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडला. सुटलो बाबा, अशी कळा त्याच्या तोंडावर मी स्पष्ट पाहिली. तिचा अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

"आजी, यात तुमचं वय बावीस लिहिलंय."

मी कार्ड ओढून घेतलं. खरंच बावीस होतं. बासष्टचं बावीस झालेलं. आमच्या गावात अशी कितीतरी कार्डं होती, कुणाचा बाप मुलापेक्षा लहान, कुणाची बायको पुरुष. आम्ही त्यावर हसत असू. त्या दिवशी त्या खिडकीत ते कार्ड धरून उभी असताना मला ते छापणाऱ्याचे हात तोडावेसे वाटले.

"बावीस म्हणजे बसत नाही," दुकानदार म्हणाला. तो हे माझ्या आईच्या तोंडाकडे बघत म्हणाला. त्या सुरकुत्यांकडे बघत.

मग माझा तोल सुटला. मी रस्त्यावर कधी आवाज चढवलेला नव्हता, त्या दिवशी चढवला. मगाशी त्या पोराला दिलीस त्याचा पुरावा दाखव म्हटलं. बोर्ड फक्त आगऱ्यांना वाचून दाखवतोस का म्हटलं. ज्या जमिनीवर तुझी ही जाळी उभी आहे ती कुणाची होती ते विचार कुणाला तरी, म्हटलं. डोळे नसतील तर चष्मा लाव, नाहीतर आत्ता गावातले चार जण आणते आणि त्यांचे पुरावे माग. लोक गोळा व्हायला लागले. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

दुकानदार घाबरला. जाळीशी तोंड आणून दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला भडकता? मला काय हौस आहे? तुमच्या भावानेच सांगून ठेवलंय. म्हातारी येईल, तिला देऊ नका, काहीही सांगा पण देऊ नका. त्याची एवढी मोठी ऑर्डर आहे माझ्याकडे. मी काय करणार?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. तिने माझ्या हातातून कार्ड घेतलं, पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि ती वळून चालू लागली.

वाटेत मी काय काय बोलत होते मला आठवत नाही. शिव्याच असणार. ती एवढंच म्हणाली, "आज काय नको बोलूस त्याला. हलद हाय त्याची."

घराशी आलो तर मांडवाच्या मागे त्याच दुकानाचा टेम्पो उभा. खोके उतरत होते. व्हिस्की, रम, बिअर. भावाचे मित्र खोके न मोजताच, थापट्या मारत आत घेत होते. एकाही खोक्याला कुणी वय विचारलेलं नव्हतं.

भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर वाढवलेला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला होता, सासरा सरकारी अधिकारी, नेरूळला फ्लॅट. सासरचेही मूळचे उरणकडचे आगरीच, पण आता ते घरी भाकरीला चपाती म्हणणाऱ्यांतले. आईने सांगितलं होतं बोलू नकोस, पण मी काही आई नाही. मी त्याला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं आणि विचारलं, हे तू केलंस का?

तो नाही म्हणाला असता तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. पण तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ ना आता. समजून घे. माझे साहेब येणारेत, सासरकडची माणसं येणारेत. व्हिडिओ शूटिंग आहे. आई सगळ्यांसमोर बाटली उघडून घोट घेणार? कसं दिसेल ते?"

"आणि हे खोके कसे दिसतील?"

"ते मागे असतात गं. आणि ते पुरुषांचं आहे."

"देवाचा मान आहे तो."

"मग धवला म्हणू दे ना तिला, मी कुठे नको म्हणतोय? कोल्ड्रिंक दे. नाहीतर एक काम कर, यातली थोडी स्टीलच्या पेल्यात ओतून दे तिला. पेल्यात कुणाला कळतंय?"

मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. हळद होती म्हणून हात आवरला. मला सर्वांत जास्त कशाची चीड आली सांगू? त्याने तिला तोंडावर सांगितलं नाही. "आई, मला लाज वाटते," एवढं जरी तो म्हणाला असता तरी ती भांडली असती, रडली असती, दोघांचं काहीतरी झालं असतं. त्याने एका परक्या माणसाला पुढे केलं, एक नियम पुढे केला आणि आपण मांडवात पाहुण्यांना या-बसा करत राहिला. इंग्रजीत अर्ज लिहायला शिकलेल्या पोराला आईशी मराठीत एक वाक्य बोलवेना.

मी तरीही एका खोक्यातून बाटली काढून आईकडे नेली. पुरी बंद बाटली, सील न तोडलेली. म्हटलं, आये, ही घे, आपल्याच घरातली आहे. तिने हातसुद्धा लावला नाही. "ती पावन्यांची हाय," म्हणाली. माझ्या चुलत भावाने सांगितलं, मी आत्ता दुसऱ्या सेक्टरमधून आणून देतो. त्यालाही नाही म्हणाली. तिच्या हाताने आणलेली नव्हती ना ती. तिचा हात तर दुकानाच्या खिडकीतूनच परत आला होता.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. अंगणात पाट मांडला, भाऊ सोवळं नेसून बसला. उखळ-मुसळाला हळद लावली, सुपात तांदूळ आले. गावातल्या सगळ्या बायका जमल्या. व्हिडिओवाल्याने डोळे दिपवणारा दिवा लावला. भावाचे साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्या शेजारी सासरकडची चार माणसं. मागे खोके उघडल्याचे आवाज येत होते. बायका म्हणायला लागल्या, "आत्ये, लाव आवाज." "काकी, हो ना सुरू." आई भिंतीपासून उठली.

मला वाटलं ती गाणार. मला वाटलं, मान नाही तर नाही, पोरासाठी ती कोरड्या गळ्यानेच गाईल, कारण आया असंच करतात. मला त्याचाही राग येत होता.

तिने वाटीतली हळद हातावर घेतली, भावाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाला, तुज्या आयचा वय किती र?"

भाऊ दिव्याकडे बघून हसला. "आई, हे काय आता?"

"सांग ना."

बायकांत कुजबुज झाली. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"साठ," तो म्हणाला. "साठ... पासष्ट असेल."

त्याला ठाऊक नव्हतं. खरं तर तिला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं, पण ती काही कुणाकडे त्याचा दाखला मागायला गेली नव्हती.

"पंचवीसच्या वर हाय ना?"

"हो, आई."

"मंग ता त्या दुकानवाल्याला का नाय सांगितलास?"

ती मोठ्याने बोलली नाही. ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं, ज्यांना कळलं नाही ते इकडेतिकडे बघायला लागले. साहेब काहीतरी विनोद समजून हसले. भावाची मान खाली गेली. व्हिडिओवाला आपला शूटिंग करत राहिला, त्याला कुणी थांब म्हटलं नाही.

आईने त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली. व्यवस्थित लावली, कानामागे, गळ्याला, पोर आजारी असल्यासारखी हळुवार. मग हात लुगड्याला पुसून ती परत भिंतीशी जाऊन बसली आणि तिने पदर पुढे ओढला.  मग बायकांतल्या दोघी-तिघींनी आपल्याला येतं तेवढं म्हणून बघितलं. गावदेवाला बोलावलं, खाडीला बोलावलं आणि पुढे कुणाला बोलवायचं ते त्यांना आठवेना. त्या आईकडे बघत होत्या. आईने वर पाहिलं नाही. शेवटी भावाच्या एका मित्राने लाउडस्पीकरवर हळदीच्या गाण्यांची कॅसेट लावली आणि पोरं नाचायला लागली.

भाऊ म्हणतो, एवढ्या वर्षांनंतर तू ते उगाळत बसतेस. बसते. आमच्या गावात धवल्याशिवाय लागलेली हळद मी तोवर पाहिली नव्हती. पहिली पाहिली ती धवलारणीच्या घरात, तिच्या एकुलत्या एका मुलाची.